दुखणं थांबल्यानंतर

सोमवार, ४ तारीख, बस सुटायच्या आधी

धाकटे,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता बसवाल्याकडून लिहून घेतला आहे. त्याचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालावी तसं, पण माणूस इमानी आहे. सकाळी इथून बस काढतो, संध्याकाळी तुमच्या थांब्यावर पोचतो. पाकीट तुझ्या हातात पडल्याशिवाय जेवणार नाही म्हणाला. फोन मी तीन वेळा लावून पाहिला. माझा आवाज ऐकलास की ठेवतेस. असू दे. सात वर्षांनी तुझं "हॅलो" तरी तीनदा कानावर पडलं.

काळजीचं काही नाही, हे आधीच लिहिते.

तुझी लेक मजेत आहे. तिचा हात तुझ्याहून आणि माझ्याहून सरस निघाला. बशी फिरत्या चकतीवर ठेवायची, ब्रश काठाला टेकवायचा, श्वास धरायचा, आणि एका फेऱ्यात निळी रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. सांधा दिसता कामा नये. मला हे जमायला दोन वर्षं लागली, तिला आठ महिन्यांत जमलं. पुढच्या बुधवारी, तेरा तारखेला, मुकादम तिची परीक्षा घेणार आहे. एका बैठकीत चार डझन बशा. पास झाली की रंगवणाऱ्यांच्या बाकावर तिची कायमची जागा. मुकादमाच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला घाम फुटणं, पण परवा तोही म्हणाला, "लवंगताई, पोरगी तुमच्या नाकावर टिच्चून पुढे जाणार." मी म्हटलं, "जाऊ दे की. नाक वयाने तसंही लांब झालंय."

तिला इकडे पाठवताना तू एकच अट घातली होतीस, हे तिने मला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. काम शीक, मावशीकडे राहा, पण दात दुखला तर मावशीचं औषध लावायचं नाही. मला हसू आलं नाही. अट मात्र मी पाळली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिची उजवीकडची खालची दाढ थोडी कुरकुरते आहे. गोड लागलं की, गार पाणी लागलं की. लहानपणी ती दाढ कधी भरून घेतली होती का, एवढं बसवाल्याजवळ दोन शब्दांत लिहून दे. मी तिला काहीही लावलेलं नाही.

बाकी सगळं ठीक.

तुझी ताई


बुधवार, ६ तारीख, कामावर जायच्या आधी

धाकटे,

बसवाला रिकाम्या हाताने परतला. "दारातच उभ्या राहून वाचलं, दोनदा वाचलं, आणि आत गेल्या," म्हणाला. मी विचारलं, "तुला पाणी तरी विचारलं का?" तर म्हणाला, "पाणी दिलं. उत्तर नाही दिलं."

वाचलंस, एवढं मला पुष्कळ आहे.

सोमवारी मी तुला निम्मंच लिहिलं. थोडी कुरकुर नाही. आडवी झाली की तिची दाढ ठणकायला लागते, म्हणून पोरगी गेले कित्येक दिवस भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते आहे. मला म्हणाली पाठ धरलीय. मी शहाणी, तिची पाठ चोळत बसले.

काल धुवायचे कपडे काढले तर तिच्या उशीच्या अभ्र्यावर डाग. लाळेचा, आणि रंगाने निळा.

आमचा कारखाना तू विसरली नसशील. रंग हातातल्या हातात सुकू नये म्हणून त्याची पूड लवंगेच्या तेलात घोटायची. भिंतींना तो वास, केसांना तो वास, डब्यातल्या जेवणालासुद्धा. दुसऱ्या कुठल्याही घरात पोरीच्या तोंडाला लवंगेचा वास आला असता तर पहिल्याच दिवशी चोरी उघडी पडली असती. आमच्या घरात तो नाही आला तर विचारावं लागतं. बाकावरच्या बाटलीतलं तेल कापसाला लावून ती बारा दिवस दाढेत कोंबत होती. त्याच बाटलीत आम्हा सहाजणींचे रंगाने भरलेले ब्रश बुडतात.

मी अभ्रा तिच्या पुढ्यात धरला.

"हे काय?"

"रंग सांडला असेल."

"उशीवर? झोपेत बशा रंगवतेस?"

तिने अभ्रा उलटा केला. मग म्हणाली, "तुझ्याच औषधांच्या वहीत लिहिलंय, मावशी. लवंगेचं तेल, कापसावर एक थेंब."

"वहीतलं तेल औषधाच्या दुकानातलं. कामाच्या बाटलीतलं नाही."

"एवढासा तर रंग असतो."

"तो रंग भट्टीत भाजायचा असतो, पोटात घालायचा नसतो. तोंड उघड बघू."

दाढेच्या मधोमध काळं भोक, मसुराएवढं. आणि शेजारची हिरडी पांढरी पडलेली, भाजल्यासारखी. ती सोनेरीबाईची करामत. सोनेरीबाई म्हणजे आमच्या बाकावर सोन्याची रेघ मारते ती, तू गेल्यानंतर आली. तिने सांगितलं, दुखण्यावरची गोळी गिळू नकोस, हिरडीवर दाबून धर, लवकर लागू पडते. लागू पडली ती अशी.

मग मी अट मोडली. मोडली म्हणून सांगते आहे. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला लावल्या. दाढांच्या मधे अडकलेला पावाचा चुरा दोऱ्याने काढला. गार पाण्यात पिळलेलं फडकं गालावर बाहेरून धरलं. गोळी पाण्याबरोबर गिळायला दिली, डोक्याखाली तीन उशा रचल्या. तेल दुकानातून नवीन आणलं, एकच थेंब, तोही हिरडीला न लागू देता. पोरगी चार तास झोपली.

आणि पेपरमिंटच्या गोळ्या खिडकीतून फेकल्या. घसा सुकला तर ठसका लागतो, ठसका लागला तर रेघ मोडते, म्हणून गालात गोळी धरून बसायचं ही बाकाची जुनी खोड. तिला ती कुणी लावली? मीच. आठ महिने, दिवसभर, उजव्या गालात साखर. ब्रशची दांडी दातात धरायलाही मीच शिकवलं. निजायच्या आधी दात घासलेस का, हे मात्र एकदाही विचारलं नाही. माझ्या वहीत दुखल्यावर काय करायचं याची चाळीस पानं आहेत आणि दुखूच नये म्हणून काय करायचं याचं अर्धं पान. हे मला काल पहिल्यांदा दिसलं.

डॉक्टरकडे चल म्हटलं. आपल्याकडे दातांचा डॉक्टर अजून एकच, चष्म्याच्या दुकानावरचा. तिचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली.

"ज्याने बाबांना सुई दिली, त्याच्याकडे?"

"बरं, शहरात जाऊ. तीन तासांची बस आहे."

"परीक्षा होऊ दे, मग कुठेही ने. आणि आईला कळवायचं नाही. शपथ घे."

शपथ घेतली. ती मोडून हे लिहिते आहे.

ताई


शनिवार, ९ तारीख, सकाळ

धाकटे,

काल दाढ दुखायची थांबली.

चौदा दिवस ठणकत होती आणि काल सकाळी उठली ती हसतच. गार पाणी प्यायली, मुद्दाम त्याच बाजूने. काही नाही. बाकावर जाऊन तिने दोन डझन बशा एका दमात काढल्या आणि एकीलाही सांधा दिसेना. सोनेरीबाई टाळ्या पिटत म्हणाली, "लवंगताईंचा हात लागला की डॉक्टर उपाशी मरायचे." मुकादम म्हणाला, "मरू देत, त्या चष्म्यावरच्याला तसंही कोण विचारतंय?" सगळे हसले. तुझी लेक सगळ्यांत मोठ्याने.

मी उठून मालाच्या खोलीत गेले आणि पेंढ्याच्या खोक्यावर बसून राहिले. पदर तोंडाशी धरून रडले.

तुला वाटेल म्हातारीला चळ लागला. दुखणं थांबलं तर रडते. पण धाकटे, त्या वेळीही ते असंच थांबलं होतं. तू सासूबाईंच्या आजारपणाला गेली होतीस. तुझ्या नवऱ्याची, आपल्या भट्टीवाल्याची दाढ नऊ दिवस माझ्या हाती होती. दहाव्या दिवशी, रविवारी, त्याने दोन्ही बाजूंनी कडक टोस्ट खाऊन दाखवला आणि मी आनंदाने सगळ्या बाकाला चहा पाजला. हे तुला कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

तुम्ही निघून गेलात त्यानंतर मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, एकेका पानाला आठवडा लागायचा. दाढेच्या पोटात नस असते. कीड तिथवर पोचली की ती नस ओरडते, तेच आपलं दुखणं. मग ती मरते, आणि मेल्यावर ओरडत नाही. आपल्याला वाटतं बरं झालं. कीड मात्र खाली हाडाकडे आपल्या वाटेने चाललेली असते. दोन दिवसांनी कळेल, आठ दिवसांनी कळेल, सहा महिन्यांनी कळेल, कुणी सांगू शकत नाही.

हे मी तिला काल सांगितलं. दातांच्या कण्या केल्या. ती म्हणाली, "मावशी, दुखत होतं तेव्हा चल म्हणालीस ते समजलं. आता दुखत नाहीये तर कशाला?" यावर तोंडात उत्तर होतं. बाहेर आलं नाही.

तू तिला समजाव असं लिहिणार होते, पण तुझं ती ऐकणार नाही. तू म्हणतेस डॉक्टरचा दोष नव्हता, आणि ती म्हणते आईला मावशी डोळ्यांसमोर नको म्हणून आई तसं बोलते. तुम्हा दोघींच्या मधे ही भिंत कुणी बांधली ते तुला ठाऊक आहे. फक्त विटा किती खोट्या होत्या ते ठाऊक नाही.

आज एवढंच जमलं.

ताई


मंगळवार, १२ तारीख, सकाळी सात वाजता

धाकटे,

बसवाला काल संध्याकाळी माझंच जुनं पाकीट घेऊन आला. त्याच्या पाठीवर तुझ्या अक्षरात एक ओळ. "तिला गिळता येतंय का, ते बघ."

सात वर्षांनी तू मला पुन्हा तोच प्रश्न विचारलास.

आता बस सुटायला चाळीस मिनिटं आहेत. काल दुपारपासून तिच्या उजव्या जबड्याखाली सूज आहे, सुपारीएवढी होती, आज सकाळी लिंबाएवढी झाली आहे. अंग तापलंय. म्हणते दाढ वर आल्यासारखी वाटते, दात मिटले की तीच आधी टेकते. परीक्षा उद्या आहे म्हणून रुमाल बांधून कामावर निघाली होती. मी चहा पुढे केला. तिने घोट घेतला आणि गिळताना डोळे मिटले. क्षणभरच. मी ते ओळखलं, धाकटे. असे डोळे मी एकदा पाहिले आहेत.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आजच्या नाही, त्या वेळच्या.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू मला विचारलंस, "ताई, त्याला गिळता येत होतं का?" मी म्हणाले, येत होतं. येत नव्हतं. सूज सोमवारी आली. मंगळवारी दिवेलागणीला तो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. मी दूध दिलं, त्याने डोळे मिटून एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, घोट उतरत नाही. जाऊन येऊ का डॉक्टरकडे?" विचारलं त्याने, धाकटे. माझी परवानगी मागितली. मी म्हणाले, "जाशील की. आधी शेक घे, सकाळपर्यंत उतरेल." गरम विटेचा शेक दिला. सुजेला गरम शेक द्यायचा नसतो, हेही मला पुस्तकातच कळलं. रविवारी मी चहा पाजला होता ना सगळ्यांना. लवंगताईचा बरा झालेला माणूस मंगळवारी डॉक्टरच्या पायऱ्या चढला असता तर बाक काय म्हणाला असता. एवढ्यासाठी. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही.

बुधवारी सकाळी त्याला नीट श्वास घेता येईना तेव्हा नेला. डॉक्टरने विचारलं, "कधीपासून?" मी म्हणाले, "आज सकाळपासून." त्याने एक सुई दिली आणि तशीच गाडी मागवून मोठ्या हॉस्पिटलात धाडला. पुढचं तुला माहीत आहे.

नंतर लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणायची, डॉक्टरने सुई दिली आणि तासाभरात गेला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. सुई दिली होती, तासाभरात गेलाही होता. मी फक्त आधीचे दोन दिवस सांगितले नाहीत. तुझी लेक तेव्हा बारा वर्षांची होती. माझ्या कमरेला मिठी मारून तिने ते ऐकलं, आणि आज ती त्यामुळेच त्या जिन्याची एक पायरी चढायला तयार नाही.

शहरात न्यायला आता वेळ नाही. या जबड्याला जवळचा डॉक्टर तोच आहे आणि तिथे तिला न्यायचं तर हे सगळं तिला सांगावं लागेल. ती मला पुन्हा मावशी म्हणेल का, याचा विचार काल दिवसभर करत होते. दिवसभर, म्हणजे सूज दिसल्यावरही. म्हणजे मी अजून सुधारले नाही.

तिला सांगायच्या आधी तुला लिहिते आहे. हे पाकीट एकदा बसवाल्याच्या हातात गेलं की मला मागे फिरता यायचं नाही. ती दारात चपला घालते आहे. मी तिला म्हटलंय, थांब, मीही येते.

ताई


मंगळवार, १२ तारीख, साडेदहा, डॉक्टरच्या दाराबाहेरच्या बाकावर

धाकटे,

ती आत आहे. हे कागद डॉक्टरच्या मदतनीस बाईने दिले, मी म्हटलं हात रिकामे ठेवून मला बसता येणार नाही.

बस गेली आणि मी तिला रस्त्याच्या कडेला, कारखान्याच्या फाटकासमोर सांगितलं. बसवून, पाणी देऊन सांगायला हवं होतं. पण बसले असते तर पुन्हा गिळून टाकलं असतं.

तिने मधे तोडलं नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "बाबा म्हणाले होते? घोट उतरत नाही म्हणून?"

"हो."

"किती वाजता?"

"दिवे लागले तेव्हा."

"मी कुठे होते?"

"तिथेच. बशांच्या खोक्यावर वही ठेवून गणितं करत होतीस."

तिने रुमाल सोडला, घडी घालून खिशात ठेवला आणि चालायला लागली. कारखान्याकडे नाही, चष्म्याच्या दुकानाकडे. मी मागून. जिना तिने एका दमात चढला, मला तीनदा थांबावं लागलं.

डॉक्टर म्हातारा झाला आहे. खुर्च्या सहा, बसलेलं कुणी नाही. मला त्याने ओळखलं, ओळखलं असं दाखवलं नाही. तिच्या जबड्याखाली बोट लावलं, तोंड किती उघडतं ते पाहिलं, ताप पाहिला. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"कधीपासून?"

त्याच शब्दांत, धाकटे. मी उभी राहिले आणि सांगितलं. चौदा दिवस दुखत होती. त्यातले बारा दिवस कामाच्या बाटलीतलं रंगाचं तेल लावलं, हिरडीवर गोळी ठेवली, नंतरचे दोन दिवस माझे उपचार. शुक्रवारी दुखायची थांबली. काल दुपारी दोनला सूज दिसली, मी तिला काल आणली नाही. आज सकाळी सहापासून गिळताना दुखतंय. तो सगळं लिहून घेत होता. रंगाचं नाव विचारलं, म्हणाला रक्तही तपासून घेऊ. लिहून झाल्यावर पेन ठेवलं आणि म्हणाला, "आज आणलंत. उद्या आणलं असतंत तर इथे ठेवून घेतली नसती, आणि मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही."

मी तिचा हात धरायला पुढे झाले. ती डॉक्टरला म्हणाली, "त्यांना बाहेर बसायला सांगा."

त्यांना. मला तिने आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

आतून भांड्यांचा आवाज येतोय. मघाशी एकदा तिचा आवाज आला. आता येत नाही, आणि मी दाराकडे बघत बसले आहे. आवाज नाही म्हणजे बरं चाललंय, असं मला आता वाटतच नाही.

डॉक्टर बाहेर आला. पू काढला. ताप उतरेपर्यंत इथेच ठेवून घेतो म्हणाला, दाढ वाचवायची की काढायची ते सूज उतरल्यावर. पाणी पाजून बघितलं, उतरलं. धाकटे, तिला गिळता येतंय.


शुक्रवार, १५ तारीख, सकाळ

धाकटे,

हे पत्र बसवाल्याबरोबर नाही, तुझ्या लेकीबरोबर येतं आहे. तिने उघडून वाचलं तरी हरकत नाही, म्हणून पाकीट चिकटवलेलं नाही.

सूज उतरली. दाढ गेली, वाचवण्यासारखी राहिली नव्हती. शेजारच्या दोन दाढांना कीड लागायला सुरुवात आहे, त्या वाचतील, पण पुन्हा डॉक्टरला दाखवायला हवं, तिथे तुझ्याजवळचा डॉक्टर गाठ.

परीक्षा हुकली. मुकादमाला मी म्हटलं, चूक माझी, तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका, हवं तर माझी घ्या. तो म्हणाला, "तुमची घेऊन काय करू, तुमची रेघ हल्ली डुलते." मग म्हणाला, महिनाभर जागा रिकामी ठेवतो. यायचं की नाही ते तिने ठरवावं, आणि तू.

बाकाला मी बुधवारी चहाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. उभी राहून, जसं डॉक्टरला सांगितलं तसं, वारांसकट. मग सोनेरीबाई म्हणाली, "म्हणजे सात वर्षं आपण त्या डॉक्टरला फुकट शिव्या घातल्या?" मी म्हटलं, हो. "आधी बोलायचं होतं हो. माझ्या तीन दाढा गेल्या तुमच्या मिठाच्या पाण्यात." एरवी सगळे हसले असते. कुणी हसलं नाही, तीसुद्धा. काल ती चष्म्याच्या दुकानावर जाऊन आली.

मीही गेले. डॉक्टर हात धूत होता. मी म्हटलं, त्या वेळी मी तुम्हाला "आज सकाळपासून" म्हणाले, ते खोटं होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. म्हणाला, "सूज दोन दिवसांची होती. माणसं बोलली नाहीत तरी सूज बोलते." मग नळ बंद केला आणि विचारलं, "तुमचे दात कोण बघतं?" मी म्हटलं कुणी नाही. "बसा," म्हणाला. चार भरायचे निघाले.

वही मी टाकली नाही. टाकून दिली असती तर बाक तोंडपाठ आहे तेच करत राहिला असता. पहिल्या पानावर कागद चिकटवून नवीन लिहिलं आहे. मिठाचं पाणी, गार फडकं, उंच उशी, तेलाचा एक थेंब, हे सगळं डॉक्टरकडे जाईपर्यंतचं, डॉक्टरच्या ऐवजी नाही. गालाखाली सूज, ताप, तोंड उघडेना, घोट उतरेना, यातलं एकही असेल तर त्याच घटकेला निघायचं. शेक द्यायचा नाही. दात घासणं दोनदा, निजायच्या आधीचं चुकवायचं नाही. गालात पेपरमिंटची गोळी नाही. ब्रश हातात, दातात नाही. त्याला दीड पान लागलं.

तुझी माफी मागायला मी हे लिहीत नाही. ती मागून तुझ्यावर आणखी एक काम टाकायचं मला नको आहे. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायला मला सात वर्षं लागली, एवढंच.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि तेही अहो म्हणून. आज सकाळी सामान भरताना आतून हाक मारली, "मावशी, माझा डबा कुठे ठेवलास?" फळीवर, म्हटलं. एवढ्यावर माझे पुढचे काही दिवस निघतील.

आता नीट वाच. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात गोळ्या आहेत. आठ आठ तासांनी एक, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, काहीतरी खाऊन. मंगळवारी सुरू केल्या, रविवारपर्यंत आहेत. रक्ताचा कागद त्याच कप्प्यात, महिन्याने पुन्हा तपासायला सांगितलंय. खाणं मऊ, डाव्या बाजूने. जबड्याखाली रोज सकाळी स्वतः बोट लावून बघ, ती सांगेल त्यावर राहू नकोस, ती सांगत नाही, त्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. उद्यापर्यंत तिचं दुखायचं पूर्ण थांबेल आणि ती म्हणेल आता कशाला गोळ्या.

दुखायचं थांबलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत.

तुझी ताई